उसना अंगठा

हबीबा गेली तो शुक्रवार होता. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून तिचा शेवटचा श्वास मला भिंतीपलीकडून ऐकू आला. दुसऱ्या कुठल्याही वारी तो खटखटीत विरून गेला असता.

आमच्या चाळीत बावीस खोल्या. चौदा नंबर तिचा, पंधरा माझा. मधली भिंत इतकी पातळ की तिच्या घरी मिरची परतली की ठसका मला लागायचा. तिचा नवरा यूनुस आणि माझा राघो एकाच कारखान्यात एकाच शिफ्टला होते. दोघेही दोन वर्षांच्या अंतराने गेले. माझ्यामागे कुणी नव्हतं. हबीबाकडे नात होती, नूरैन. पोरीचे आईबाप ती लहान असतानाच वारले. चुलता इमाद कुवेतला गेला आणि तिकडचाच झाला. त्याचा फोन लागत नसे आणि पत्ता कुणाला ठाऊक नव्हता.

हबीबा कांड्या भरायची. लूमच्या धोट्यात जी बारकी नळी बसते तिच्यावर सूत गुंडाळायचं, हे ते काम. चाळीस वर्षं सूत तिच्या उजव्या अंगठ्यावरून धावलं आणि त्या अंगठ्याला आडवी खाच पडली, सुरीने काढल्यासारखी. रिकामी बसली तरी ती अंगठा तर्जनीवर दोनदा घासायची आणि थांबायची. सूत तुटलं की काय ते बघण्याची सवय.

मी शाळेत शिपाईण होते. तीस वर्षं फळे पुसले, पण काय पुसते आहे ते मला कळायचं नाही. छप्पन्नाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात जाऊन बसले. हबीबालाही ओढून नेलं. चौथ्या दिवशी तिने आपली पाटी माझ्या मांडीवर ठेवली.

"अनसू, तू शिक. मना माजा अंगठा पुरं हाय."

"लोक अंगठेबहाद्दर म्हणतील."

"म्हनू दे. मानूस सही इसरतो. अंगठा घरी इसरून कुनी जातो काय?"

मी शिकले. रेशनच्या वहीवर पहिली सही केली तेव्हा दुकानदाराने मान वर करून बघितलं होतं. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की माझा अंगठा आता मोकळा झाला, त्याचं काही काम उरलं नाही. सगळी चूक इथून सुरू झाली.

मग अर्बनवाले आले.

ती घरं बांधणारी मोठी कंपनी. अंजूरच्या बाजूला मोकळ्या जमिनीवर तिने बंगले बांधले होते. पण जुन्या शहरातलं काम निराळं असतं. आधी माणसं हलवायची, मग भिंती पाडायच्या, मग उंच बांधायचं. त्यासाठी कंपनीने खास वेगळा विभाग काढला होता. बोर्डावर त्याचं लांबलचक इंग्रजी नाव होतं. चाळीत सगळे नुसतं अर्बनवाले म्हणत.

त्यांनी आधी कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर सॅम्पल फ्लॅट बांधला. वर मजला नाही, बाजूला शेजार नाही, मातीत एकटंच घर उभं. आत पलंग, पडदे, टोपलीत मेणाची फळं, पुठ्ठ्याचा टीव्ही. भिंतीवर एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो होता. ते कोण, कुणालाच माहीत नव्हतं. दाराला कडी नव्हती आणि किल्लीही नव्हती. एक काळी काच होती. तिच्यावर अंगठा ठेवला की दार उघडायचं.

कंपनीची हेमाली नावाची मुलगी सगळ्यांना घर दाखवत होती. ज्याला हौस, त्याचा अंगठा ती मशीनला शिकवायची. माझी पाळी आली तेव्हा मी मागे सरले. सही येणाऱ्या बाईने अंगठा कशाला लावायचा? हबीबा मात्र पुढे झाली. तिने खाचेचा अंगठा काचेवर दाबला आणि दार खट्ट करून उघडलं.

"बघ अनसू! ह्यो अंगठेबहाद्दरांचा दरवाजा हाय. तू भायेर ऱ्हा सही करत."

"तू आतून उघडशील की मला."

"उघडीन. हाक मार, येईन. पन दम धरशील, माजे गुडघे धड न्हायत."

सगळे हसले. मी हेमालीला विचारलं, "या सगळ्यांचे अंगठे तू ठेवून घेणार का गं?"

"नाही हो आजी. संध्याकाळी सगळे पुसून टाकते."

पुढच्या आठवड्यात नोटीस लागली. मीच ती चाळीला वाचून दाखवली. मंगळवारी आणि बुधवारी सर्व्हे. ज्याच्या नावावर खोली, त्याने स्वतः हजर राहावं. नाव तीनदा पुकारलं जाईल. हजर नसेल त्याची खोली यादीतून बाद. वारसाने वारसाचे पूर्ण कागद आणावेत.

आणि त्या शुक्रवारी हबीबा गेली.

दफन करून माणसं परतली. रविवारी नूरैन माझ्याकडे आली. तेव्हा एकोणीस वर्षांची होती, कॉलेजात शिकत होती. रडून तिचा आवाज बसला होता.

"मावशी, वारसाच्या कागदावर चाचूची सही पाहिजे. चाचू कुठे आहे ते अल्लालाच माहीत. मंगळवारी दादीचं नाव पुकारलं आणि कोणी उठलं नाही, तर मी कुठे जाऊ?"

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"दादीची कुठेच सही नाही. अंगठाच आहे," ती खाली बघत म्हणाली. "आणि तुम्ही तर सही करता."

तिला पुढचं बोलावं लागलं नाही. मला उलट हलकं वाटलं. माझा अंगठा रिकामाच पडलेला. दोन दिवस कुणाला उसना दिला तर माझं काय झिजणार होतं? शेजारणीला विरजण द्यावं तसा मी तो देऊन टाकला.

मंगळवारी मी हबीबाची ओढणी डोक्यावरून घेतली आणि दोरी बांधलेला तिचा चष्मा लावला. चौदा नंबरच्या दारात तिच्याच पाटावर बसले. प्रितेश नावाचा अर्बनवाला हातात टॅब घेऊन आला. त्याने ओळखपत्रावरचा फोटो बघितला, मला बघितलं. ओळखपत्रावरच्या सगळ्या म्हाताऱ्या एकसारख्याच दिसतात.

"आजी, नाव सांगा."

माझी जीभ उचलेना. नूरैन म्हणाली, "दादीला कमी ऐकू येतं."

"बोलता तरी येतं ना?"

पलीकडच्या सोळा नंबरचा लडकू दारात उभा होता. तो म्हणाला, "साहेब, ती बोलायला लागली तर तुमचा सर्व्हे आठ दिवस चालंल."

प्रितेश हसला आणि त्याने काच पुढे केली. मी अंगठा ठेवला. काच गार होती. तेवढ्या क्षणात माझ्या पेरावरून बारीक, कडक असं काहीतरी सर्रकन धावून गेलं. सुतासारखं. मी हात ओढला, पण मशीन वाजून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पंधरा नंबरला हेमाली आली. मी माझ्या लुगड्यात, माझ्या चेहऱ्याने बसले आणि सही केली. "आजी, अक्षर किती छान आहे हो," ती म्हणाली. त्या क्षणी मला अजिबात भीती वाटली नाही.

शुक्रवारी लूम थांबले. मी तांदूळ निवडत होते. बघते तर माझा अंगठा तर्जनीवर घासत होता. दोनदा. मग थांबला. मी ते केलं नव्हतं. उजेडात धरून बघितला. पेरावर आडवी रेघ होती, नखाने ओढल्याएवढी.

चाळ पाडायच्या आधी कंपनीने आम्हाला अंजूरजवळच्या तात्पुरत्या खोल्यांमध्ये हलवलं. चहूबाजूंनी गोदामं. तिथे लूमचा आवाज नाही, त्यामुळे आठवड्याचे सातही दिवस शुक्रवार. सर्व्हेच्या क्रमानेच खोल्या मिळाल्या. नूरैन चौदात, मी पंधरात, मधे पत्रा.

कंपनीची माणसं अधूनमधून हबीबाची चौकशी करत. काय सांगायचं ते बावीस घरांनी मिळून ठरवलं होतं. दादी वज्रेश्वरीला गेली आहे, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकायला. लडकू तर तिखटमीठ लावून सांगायचा, "परवा बघितली मी तिला. कुंडात बसून दुसऱ्या म्हातारीशी भांडत होती." आम्ही हसायचो. पहिल्या वर्षी हसायचो. मग हसणं राहिलं आणि सांगणं तेवढं चालू राहिलं. एकदा बसमधून उतरलेली एक बाई लंगडत गोदामांच्या बाजूने येताना दिसली आणि दारात बसलेले आम्ही सगळे एकदम उठून उभे राहिलो. ती बाई दुसरीच होती. 

तीन वर्षं आम्ही तिला त्या कुंडात बसवून ठेवलं. नूरैन तिच्या नावाने फातेहा पढायची तेव्हा दार लावून, ओठ न हलवता. मेलेलं माणूस मेलं म्हणून एकदा मोठ्याने सांगावं लागतं. आम्ही ते सांगितलंच नाही.

आणि कंपनी तिच्याशी बोलत राहिली. दर वर्षी नूरैनच्या मोबाइलवर निरोप यायचा : हबीबा मॅडम, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, तुमचं घर तुमची वाट पाहत आहे. दुसऱ्या वर्षीचा निरोप मीच वाचून दाखवला. वाचून झाल्यावर माझा अंगठा काचेवरून आपोआप वर सरकला, जणू उत्तर द्यायचं होतं. मी फोन खाली ठेवला.

रेघ खोल होत गेली. खाच झाली. पेन धरलं की अंगठा पेनाला टेकेना, सूत सोडल्यासारखा बाजूला सरायचा. माझ्या नावातला अ नीट यायचा, न अर्धा राहायचा, पुढचं सगळं विस्कटायचं. मी पाटी आणली आणि पहिल्यापासून गिरवायला बसले. पलीकडून नूरैनने हाक मारली, "दादी, चहा घेतेस?" मग तिची तीच दचकली. "मावशी म्हणायचं होतं मला."

"येते," मी म्हणाले. कुणाच्या नावाला ओ दिली ते मलाही कळलं नाही.

इमारत पूर्ण झाली. घरं ताब्यात द्यायचा दिवस शुक्रवार निघाला, सकाळी अकराची वेळ. खालच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. आम्ही ठरवलेलं साधं होतं. चौदा नंबर पुकारला की मी ओढणी आणि चष्मा लावून अंगठा द्यायचा. कुठेतरी आडोशाला ओढणी उतरवायची आणि पंधरा नंबरला सही करायची. बाकी माणसं आमचीच होती, त्यांनी तोंड उघडलं नसतं.

टेबलावर हेमाली बसली होती. तिच्या पुढ्यात तीच काळी काच. हबीबाचं नाव पुकारलं. नूरैनने माझा दंड धरून मला नेलं. मी अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागला.

"हबीबा यूनुस बुबेरे. अभिनंदन आजी! वज्रेश्वरीने गुडघ्यांना आराम पडला का?"

सहीचं रजिस्टर टेबलावर कुठेच दिसत नव्हतं. नूरैनने पटकन विचारलं, "मॅडम, ज्यांना सही येते त्यांचं काय?"

"सही आता चालत नाही गं. दाराला सही कुठे करणार? इथे घेतलेला उजवा अंगठाच कुलपात जातो." ती हसून पुढे म्हणाली, "आणि एका अंगठ्यावर एकच नाव. काल तिकडच्या इमारतीत एकाने भावाच्या जागी स्वतःचाच लावला. मशीनने दोन्ही घरं अडकवली. आता बसा म्हणावं चौकशीला."

आम्ही परत येऊन बसलो. नूरैनने माझ्या डोक्यावरची ओढणी पुढे ओढली. तिने काही मागितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मावशी, तुम्ही जा. मी सांगते सगळं. तुमचं घर जाता कामा नये."

"तू सांगितलंस तरी दोन्ही जातील. ऐकलं नाहीस काय?"

"पंधरा नंबर," हेमालीने पुकारलं. "अनसूया राघो भोईर."

ते नाव लिहायला मला छप्पन्न वर्षं लागली होती. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

"अनसूया राघो भोईर."

लडकू माझ्याकडे बघत होता. सगळी चाळ बघत होती. ओढणीखाली माझा चेहरा घामाने भिजला होता. मनात एवढंच होतं की पोरीचं घर राहील. माझं काय, दिघाशीला माहेरची पडवी आहे. चार दिवस राहू, चार दिवसांनंतरचं पुढे बघू. तरी ते नाव हवेत लटकत होतं आणि त्याला कुणी ओ देत नव्हतं. आपणच आपल्या मयताला बसल्यासारखं वाटलं.

हेमालीने पेन उचललं. "शेवटचं पुकारते हां. अनसूया राघो भोईर, हजर आहेत का?"

"हाय. हजर हाय."

आवाज मागून आला, शेवटच्या रांगेच्याही मागून. किंचित चिडका, दम लागलेला. बावीस घरांनी तो आवाज चाळीस वर्षं ऐकला होता. लडकूच्या हातातला चहा त्याच्या पँटवर सांडला आणि त्याला चटकाही कळला नाही. कुणी मान वळवली नाही. पण मधल्या वाटेवरच्या बायकांनी पाय आत घेतले, सावकाश चालणाऱ्या माणसाला वाट द्यावी तसे. एक पाय टेकवत, एक ओढत कुणीतरी आमच्या शेजारून गेलं. मला दिसलं काही नाही. मिरचीच्या फोडणीचा वास मात्र आला आणि मला ठसका लागला.

हेमालीचे डोळे स्क्रीनवर होते. "या आजी, अंगठा ठेवा इथे. थोडा दाबून."

काच टक्क वाजली. हिरवा दिवा लागला.

"झालं. पंधरा नंबर, अनसूया भोईर." तिने मान वर केली. समोर कुणी नव्हतं. "अरे, आजी गेल्या कुठे?"

"वज्रेश्वरीला," लडकू म्हणाला.

सवयीने त्याच्या तोंडून गेलं. कुणीही हसलं नाही. नूरैनने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती तीन वर्षांनी आवाज काढून रडली. हेमालीला वाटलं, घर मिळाल्याचा आनंद झाला.

संध्याकाळी आम्ही चौथ्या मजल्यावर गेलो. दोन दारं शेजारीशेजारी. नूरैनच्या दाराला मी अंगठा लावला. लगेच उघडलं. तिने आत जाऊन स्वतःचा अंगठाही शिकवून घेतला, तशी सोय आहे. मग मी माझ्या दाराशी आले. अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून पुन्हा ठेवला. लाल.

"मावशी, इकडेच राहा ना," नूरैन म्हणाली. "आपण कंपनीला सांगू, मशीन बिघडलं. सॅम्पलमधला दादीचा अंगठा पुसायचा राहिला असेल, तोच तुमच्या नावावर चढला, दुसरं काय?"

"सांगितलं तर पहिल्यापासून तपासतील."

 मी तिला आत पाठवलं. जिन्यात कुणी नव्हतं. मी दाराला तोंड लावून हळूच म्हणाले, "हबीबा, उघड गं."

काही झालं नाही. मी हातातली पिशवी खाली ठेवली. मग मला आठवलं, तिच्या गुडघ्यांना वेळ लागतो. मी पायरीवर बसले. बऱ्याच वेळाने आतून फरशीवर पाय घासल्याचा आवाज आला. एक टेकवत, एक ओढत. कुलूप खट्ट वाजलं आणि दार बोटभर उघडलं.

आत कुणी नव्हतं. नव्या रंगाचा वास होता आणि मिरचीचा.

याला आठ महिने झाले. माझा अंगठाही कुलपाला शिकवून घ्यावा म्हणून आम्ही खटपट केली. मशीन म्हणतं, हा अंगठा हबीबा बुबेरेचा आहे, तिचं घर शेजारी आहे. माझ्या अंगठ्यावरची खाच आता मिटत चालली आहे. सही पुन्हा नीट येते, पण ती आता कुणी मागत नाही. बाहेर गेले की परत येऊन मला हाक मारावी लागते. कधी दार चटकन उघडतं, कधी अर्धा तास जातो. मागच्या शुक्रवारी तासभर गेला. लूम बंद होते, खाली रस्त्यावर रिक्षाही नव्हती. भाजीची पिशवी मांडीवर घेऊन मी पायरीवर बसले होते. मनात आलं की ती गेली. सुटली बिचारी, असं वाटायला हवं होतं. मी मात्र दारावर दोन्ही हातांनी थापा मारत होते.

मग आतून पाय घासत आले.

तिला जाऊ द्यायला पाहिजे, हे मला कळतं. तिने माझी उधारी कधीच फेडली आहे. रोज ठरवते की आज सांगायचं, हबीबा, तू जा आता. पण ते सांगायला आधी घरात शिरावं लागतं, आणि शिरल्यावर माझा हात कपाटाकडे जातो आणि मी चहाला दोन कप काढते.